डाव्या हातचा मळ नव्हे

आमच्या मंडळ्यांमध्ये पियानोबद्दल एक मत इतकं मुरलेलं आहे की ते मत आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. गीतांच्या पुस्तकात वरच्या ओळीत दोन आणि खालच्या ओळीत दोन असे चार आवाज छापलेले असतात. वरचे दोन उजव्या हातानं वाजवायचे, खालचे दोन डाव्या हातानं, आणि विषय संपला. डाव्या हातानं याहून वेगळं काही केलं, तर वाजवणाऱ्याला एक तर नोटेशन वाचता येत नाही, नाहीतर त्याला मिरवायचं आहे. डोंबिवलीतल्या एका ज्येष्ठ वादकांनी उपासना संपल्यावर, चहाचा कप हातात धरून, मला हे तोंडावर सांगितलं : "बाई, उजवा हात देवाचा, डावा पुस्तकाचा. तुमचा त्यात एकही नाही."

वाक्य झकास आहे. चूक आहे, पण झकास आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडते, कारण तो पोकळ नाही. छापील चार आवाज कुणी जाणत्या माणसानं विचार करून बांधलेले असतात. एक सूर वर चढला की दुसरा कुठे उतरावा, कुठे थांबावं, कुठे रखडावं, याचं एक शास्त्र आहे आणि ते चार रविवार वाजवून येत नाही. दुसरं, मंडळीत दोन-तीन जण तरी असे असतातच की ज्यांच्या कानात लहानपणापासून खालचा आवाज बसलेला आहे. ते तो गुणगुणतात, आणि पियानोचा डावा हात भलतीकडे गेला की त्यांची पंचाईत होते. तिसरं कारण सगळ्यांत वजनदार. उपासनेत वादकानं दिसू नये. लोकांचं लक्ष शब्दांवर हवं, बोटांवर नव्हे. मनानं वाजवणाऱ्याचा डावा हात हमखास बोलघेवडा होतो.

या पक्षाला एक साक्षीदारही मिळतो, आणि तो साधासुधा नाही. 1706च्या फेब्रुवारीत आर्नश्टाटच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी आपल्या विशीतल्या ऑर्गनवादकाला बोलावून खडसावलं, की तू कोरालमध्ये विचित्र फेरफार करतोस, परके सूर घुसवतोस आणि त्यानं मंडळी गोंधळून जाते. वादकाचं नाव योहान सेबास्टियन बाख. बाखलाही जे खपवून घेतलं नाही, ते डोंबिवलीच्या बाईंचं काय खपवून घ्यायचं?

या प्रसंगाकडे मी परत येणार आहे. आधी ठाण्याला जाऊ.

ठाण्याचं सेंट जेम्स चर्च 1825मध्ये समर्पित झालं. ते समर्पित करायला आले होते कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर. हे तेच हेबर, ज्यांचं त्रैक्याच्या रविवारचं 'होली, होली, होली' हे गीत आज जगभर गायलं जातं, आणि मराठी मंडळ्याही ते आपल्या भाषेत म्हणतात. पुढच्याच वर्षी, 1826च्या एप्रिलमध्ये, हेबर त्रिचिनापल्लीला वारले. त्यांची गीतं पुस्तकरूपानं 1827मध्ये निघाली. आणि आपण ज्या चालीवर ते गीत म्हणतो, ती जॉन बॅकस डाइक्स यांची 'नायसीया' ही चाल आली 1861मध्ये, 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या पुस्तकात. म्हणजे ज्या चार आवाजांना आपण 'मूळ' म्हणून हात लावायला घाबरतो, ते हेबरनी कधी ऐकलेच नाहीत. शब्द आणि चालीमध्ये त्यांच्या मरणानंतरची पस्तीस वर्षं आहेत. ठाण्याच्या त्या वेदीपाशी उभे असताना त्यांच्या मनात ते गीत असेल-नसेल, पण डाइक्सचा बास नक्की नव्हता.

हा एक अपवाद शोधून काढला असं कुणी म्हणू नये. चार आवाज दोन ओळींत छापून ते पुस्तक वादकाच्या पुढ्यात ठेवायचं, ही रीत एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधीच्या गोष्टी पाहा. जिनिव्हात कॅल्व्हिनच्या मंडळीनं स्तोत्रं एका सुरात म्हटली, आणि तीही वाद्याशिवाय. क्लोद गुदिमेलनं 1565मध्ये त्याच चालींना चार आवाज दिले, तेव्हा प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं की हे चर्चमध्ये गाण्यासाठी नाही, घरी बसून देवाचा आनंद घेण्यासाठी आहे. म्हणजे ज्या चार आवाजांना आज आपण उपासनेचा सोवळा भाग मानतो, ते एके काळी दिवाणखान्यातली चीज होते.

आणि खुद्द बाख? लाइपझिगला 1736मध्ये श्मेली यांचं गीतसंग्रहाचं पुस्तक निघालं. त्यात 69 चाली आहेत आणि त्यांच्या संगीताच्या बाजूला बाखचा हात लागलेला आहे. त्या छापल्या कशा आहेत? वर चाल, खाली एकच बास, आणि बासच्या सुरांना जोडलेले आकडे. मधले आवाज छापलेलेच नाहीत. आकडे बघून ते वादकानं तिथल्या तिथे भरायचे. आपल्याकडे तबलजीला 'केरवा' एवढंच सांगतात आणि बाकीचं तो बघून घेतो, तसंच. दीडशे वर्षांहून अधिक काळ युरोपातला चर्चचा वादक असाच तयार होत होता. मनानं भरणं ही त्याची पदवी होती, गुन्हा नव्हता. आमच्या ज्येष्ठांनी ज्याला 'पुस्तकाचा हात' म्हटलं, त्या हाताला पुस्तक मिळालं फार उशिरा.

तरी आर्नश्टाटची फटकार शिल्लक राहतेच, आणि ती मी झटकणार नाही, कारण अशी एक फटकार मीही खाल्लेली आहे. बाखच्या वाटणीला अधिकारी आले, माझ्या वाटणीला मावशी. एका अंत्यविधीला मी 'अबाइड विथ मी' वाजवत होते. चाल माँकची, पुस्तकातही सुंदर बांधलेली. पण दोन कडव्यांच्या मधे मला सुरसुरी आली आणि डाव्या हातानं मी खालून वरपर्यंत एक लांबलचक लहर काढली. अंगावर काटा यावा अशी ती झाली, निदान मला तसं वाटलं. पुढचं कडवं मात्र सुरूच होईना. निम्मी माणसं आधी शिरली, निम्मी मागाहून, आणि ज्यांचं माणूस गेलं होतं ती तर शिरलीच नाहीत. घरी आल्यावर मावशीनं चपला काढता काढता विचारलं, "अगं, लोकांनी श्वास कुठे घ्यायचा, ते तरी सांग."

बाखवरची तक्रार नीट वाचली तर हेच दिसतं. तू छापील सोडून वाजवतोस, असं कुणी म्हणालं नाही. तसं म्हणणं शक्यही नव्हतं, कारण छापील असं काही नव्हतंच. तक्रार होती, मंडळी गोंधळते ही. त्याच नोंदीत एक गंमत आहे. आधी तो फार लांबण लावायचा, त्यावर बोलणी बसली, तर पोरगा दुसऱ्या टोकाला गेला आणि फारच त्रोटक वाजवू लागला. विसाव्या वर्षी माणूस असाच रुसतो. पण कसोटी कोणती लावली गेली ते पाहा : लोक वाट चुकले की नाही? सूर छापलेले होते की नव्हते, हा प्रश्नच तिथे आला नाही. मी मावशीपुढे दोषी ठरले ते मनानं वाजवलं म्हणून नव्हे, श्वासाची जागा खाल्ली म्हणून. आणि हेही सांगते, पुस्तकातलं जसंच्या तसं वाजवून श्वासाची जागा खाणारे वादक मी ढिगानं पाहिले आहेत. पान उलटायच्या गडबडीत कडव्याचा शेवट गिळतात आणि लोक धापा टाकत मागे येतात.

आता वाद्याकडे वळू, कारण या वादात पियानो काय चीज आहे याचाच सगळ्यांना विसर पडलेला असतो. ऑर्गनची पट्टी दाबून धरली की सूर उभा राहतो, बोट उचलेपर्यंत हलत नाही. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्याच क्षणापासून सूर मरू लागतो. छापील चार आवाज लिहिले गेले ते गळ्यांसाठी, आणि वाजवले गेले ते मुख्यतः ऑर्गनवर. दोन्ही ठिकाणी सूर टिकतो. तीच ओळ पियानोवर जशीच्या तशी वाजवली की काय होतं? लांब सुरांच्या खाली पोकळी पडते, आणि जिथे प्रत्येक अक्षराला बासचा तोच सूर पुन्हा छापलेला आहे, तिथे डावा हात दारावर थापा मारल्यासारखा धडधडतो. शिवाय माणसांच्या गळ्यांना अंतराचं बंधन नसतं. बास आणि टेनर यांच्यात दहा-बारा सुरांचं अंतर सहज पडतं, आणि तेवढा पंजा आमच्यापैकी कुणाचाच नाही. मग टेनर उजव्या हातात ढकलायचा, नाहीतर गाळायचा. म्हणजे जो 'छापलंय तसंच' म्हणतो, तोही छापलंय तसं वाजवत नसतो. तो मनानंच काटछाट करतो, फक्त कबूल करत नाही.

(पावित्र्याचाच मुद्दा असेल तर रोमन कॅथलिक बांधवांची एक आठवण करून देते. पोप दहावे पायस यांनी 1903मध्ये चर्चसंगीताबद्दल जे फर्मान काढलं, त्यात चर्चमध्ये पियानो वाजवायलाच बंदी होती. ढोल-झांजांसारख्या वाद्यांच्या बरोबरीनं पियानोचं नाव त्यात आहे. ज्या वाद्याला आत यायलाच मज्जाव होता, त्याच्या डाव्या हाताच्या सोवळ्याबद्दल आपण भांडतो आहोत.)

सुवार्तिक सभांच्या लोकांना ही पियानोची अडचण लवकर कळली. रॉबर्ट हार्कनेस हा ऑस्ट्रेलियातला तरुण 1902मध्ये टोरी आणि अलेक्झांडर यांच्या सभेत वाजवायला बसला. गायकांचा पुढारी अलेक्झांडर त्याच्या मनात भरला नव्हता. त्याला चिडवावं म्हणून त्यानं छापील सोडून सप्तकं आणि भरणी घालून वाजवलं. अलेक्झांडर खूश झाला आणि त्याला बरोबरच घेऊन गेला. पुढे हार्कनेसनं गीतं अशी कशी वाजवायची याचा अभ्यासक्रमच काढला. गंमत म्हणजे ती भरणी आता 'पारंपरिक' झाली आहे, आणि काही ठिकाणी तीच जशीच्या तशी वाजवा म्हणून आग्रह धरतात.

नुसतं खंडन पुरत नाही. मग डाव्या हातानं करायचं काय?

हेबर-डाइक्सचंच गीत घेते. चाल अशी निघते : सा सा, ग ग, प प, आणि मग ध ध ध प ग. तीन पायऱ्या चढून वरच्या ओट्यावर उभं राहावं, तशी. सर्वसाधारण छापील मांडणीत या वेळी बास उलट खाली उतरतो, सा वरून धैवत, पंचम, आणि 'ध'च्या जागी मध्यम. वरचा चढतोय, खालचा उतरतोय, मधली जागा उघडत जाते. डाइक्सची ही युक्ती अस्सल आहे आणि मी ती सोडत नाही. मी सोडते ते बाकीचं. पहिल्या कडव्याला डाव्या हातात फक्त हा उतरता बास, एकेरी, आणि प्रत्येक मात्रेला नव्हे तर दोन मात्रांना एकदा. मधे तार वाजत राहू द्यायची. दुसऱ्या कडव्याला तोच बास सप्तकानं दुहेरी. तिसरं कडवं अंधाराचं आहे, तिथे डावा हात वर आणते, मधल्या सप्तकात, आणि बास जवळजवळ काढूनच घेते. लोकांचा आवाज तेवढ्यापुरता उघडा पडतो आणि त्यांना स्वतःचं गाणं ऐकू येतं. ज्या दिवशी मंडळी तिथे घाबरते, त्या दिवशी मी पुन्हा खाली जाते. हा निर्णय पुस्तकात छापता येत नाही, कारण त्या रविवारी कोण आलंय, पाऊस किती आहे आणि पंखे किती जोरात फिरताहेत, हे डाइक्सला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

बास काढून घ्यायची ही अक्कल मला कुठल्या पियानोच्या पुस्तकानं दिली नाही. ती डग्ग्यानं दिली. तबल्यात डावा हात डग्ग्यावर असतो. भरीला तो घुमतो, खाली आली की गप्प बसतो. धा धी ना, आणि मग खालीला फक्त चाटेचा कोरडा आवाज. ऐकणाऱ्याला सम कुठे येणार हे कळतं ते याच गप्प बसण्यामुळे. आमच्या पियानोवाल्यांना डावा हात उचलायची भयंकर भीती वाटते. जागा रिकामी राहिली की नापास झाल्यासारखं वाटतं. दादऱ्यात किंवा केरव्यात बांधलेलं गीत असेल तर अर्धं आवर्तन खर्जात भरून वाजवा, अर्धं नुसतं वरून स्पर्शून सोडा. मंडळी आपोआप समेवर येते, टाळ्या वाजवायला सांगावं लागत नाही.

इथे दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो पहिल्याचा सख्खा वैरी आहे. तो म्हणतो, आपल्या चालींना कॉर्ड लागतच नाहीत. पेटीवर डावा हात भात्यावर असतो तो उगाच नाही. आपल्या संगीतात सुरांखाली सूर रचायची पद्धत नाही, तेव्हा भजनाच्या चालीच्या गीताला डावा हात लावूच नका.

पेटीची गोष्ट अर्धी खरी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी रूढ केली, आणि जमिनीवर बसून वाजवायच्या सोयीसाठी डावा हात भात्याला गेला. ही बसण्याची सोय होती, संगीताचा सिद्धांत नव्हता. मराठी रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गन आले, पाय भात्याला गेले, आणि दोन्ही हात मोकळे झाल्याबरोबर नाट्यसंगीताच्या साथीदारांनी डाव्या हाताला खर्जाचं काम दिलं. ते कुणाला परकं वाटलं नाही. उलट ऑर्गनशिवाय नांदी अपुरी वाटू लागली.

सुरांवरचा आक्षेप मात्र गंभीर आहे. आकाशवाणीनं 1940पासून तीस वर्षांवर पेटी हद्दपार केली होती, ती 1971मध्ये परत आली. त्याआधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींचा हिशेब करून वेगळी पेटीच घडवून घेतली होती. सगळ्यांचं दुखणं एक : पट्ट्यांचे सूर आपल्या सुरांशी जुळत नाहीत. हे मान्यच करायला हवं. पण किती जुळत नाहीत, हे सुरागणिक वेगळं आहे, आणि तिथेच डाव्या हाताची सुटका आहे. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पियानोचा पंचम तंबोऱ्याच्या पंचमापेक्षा फक्त दोन भाग खाली असतो. कानाला ते कळतही नाही. शुद्ध गंधार मात्र चौदा भाग चढा असतो, आणि तो लगेच टोचतो. म्हणजे डाव्या हातानं सा-प धरला तर श्रुतिवाद्यांना फार बोलायला जागा उरत नाही. गंधाराची जाड पुरणपोळी खर्जात थापली, तर ते बोलतील आणि बरोबरच बोलतील. मुळात खर्जातला गंधार कुठल्याही पियानोवर गढूळच लागतो. ठाण्याच्या खाडीच्या दमटपणात, आत बल्ब पेटता ठेवून जगवलेल्या पियानोवर तर विचारूच नका.

आता एक चाल भूपातली घ्या. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. आमची मुलं गिटारवाल्यांकडून शिकलेले तीन कॉर्ड लावतात : सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. तीनपैकी दोघांत वर्ज्य सूर आला, भूप मेला. इथे दुसरा पूर्वपक्ष विजयी मुद्रेनं मान हलवतो, पण जरा थांबा. भूपाचेच पाच सूर घेऊन डाव्या हाताला काय मिळतं ते मोजू. सा-ग-प मिळतो. ध-सा-ग मिळतो, आणि तो उदास झाक आणतो, कडव्याच्या मध्यात छान बसतो. शेवटाला येताना प-नि-रे ऐवजी निषाद गाळून नुसता प-रे धरा, आणि तिथून सा-प वर उतरा. घरी परतल्याचा तोच भाव येतो, आणि राग शाबूत. भैरवीत याहून गंमत आहे. कोमल रे-म-कोमल ध हा मेळ भैरवीच्याच सुरांतला. तो धरायचा आणि तिथून सा-कोमल ग-प वर यायचं. कोमल ऋषभ षड्जावर टेकतानाची ती ओढ डाव्या हातालाही मिळते. हे कुठल्या हिमनलमध्ये छापलेलं नाही. रागाकडे बघून तिथल्या तिथे काढावं लागतं. म्हणजे आपल्या चालींना डावा हात नको, हे चूक. आपल्या चालींना उसना डावा हात नको, एवढंच खरं.

नारायण वामन टिळक लहानपणी काही वर्षं कल्याणला शिकले. (त्यांचं जन्मवर्षही 1861. नायसीया आणि टिळक एकाच वयाचे.) 1895मध्ये ते ख्रिस्ती झाले, आणि मग त्यांना दिसलं की आपली माणसं इंग्रजी वृत्तांच्या मापानं कापलेली मराठी गीतं अंगाला न बसणाऱ्या कोटासारखी वागवताहेत. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन आत आणलं. 'उपासना संगीत' उघडलं की आजही दोन्ही वस्त्या शेजारी शेजारी दिसतात, पाश्चात्त्य चालींची आणि देशी चालींची. एकाच उपासनेत पहिलं गीत डाइक्सचं आणि दुसरं अभंगाच्या चालीचं असतं, आणि पियानोवर बसलेलं माणूस एकच असतं. पहिला पूर्वपक्ष त्याला म्हणतो, पुस्तकातलंच वाजव. दुसरा म्हणतो, काहीच वाजवू नकोस. दोघांचं ऐकलं तर त्या माणसाला डावा हात अर्धा वेळ गुलाम आणि अर्धा वेळ लुळा ठेवावा लागेल. रोमन कॅथलिकांच्या व्हॅटिकन परिषदेनंही 1963मध्ये पाइप ऑर्गनचा मान राखला आणि त्याच दस्तऐवजात त्या त्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत जागा द्यायला सांगितलं. शेजारी शेजारी दोन परिच्छेद आहेत ते. दोन्ही पाळायचे तर छापील बासवर भागत नाही.

तिसरा एक पक्ष आहे, जो वाद घालत नाही, बटण दाबतो. कीबोर्डवर 'स्टाइल' लावली की डाव्या हाताची तीन बोटं एकदा टेकवायची, ड्रम-बास-गिटार सगळं यंत्र वाजवतं. कल्याणपासून ठाण्यापर्यंत किती तरी ठिकाणी रविवारची उपासना या तीन बोटांवर चालते. मला त्याचा राग नाही. वीस वर्षांच्या पोराला आठवड्यात एक सुट्टी, त्यात सकाळी साडेआठला त्यानं यायचं, हेच पुष्कळ. पण यंत्राला श्वास कळत नाही. कडव्याच्या शेवटी ऐंशी वर्षांच्या आजोबांना अर्धी मात्रा जास्त लागते, आणि स्टाइल थांबत नाही. पाळकांनी पांढरी एक सोडून काळी एकमध्ये सुरू केलं, तर ट्रान्सपोजचं बटण आहे. अर्ध्या मात्रेचं बटण अजून निघालेलं नाही.

दुसरीकडे ग्रेडच्या परीक्षा दिलेली मुलं येतात. वाचन इतकं पक्कं की मला लाज वाटावी. पान नसेल तर मात्र हात मांडीवर. ट्रिनिटीच्या परीक्षेत तिथल्या तिथे रचून वाजवण्याची चाचणी निवडता येते, पण ती निवडलेलं मूल मला अजून भेटायचं आहे. शिक्षकच म्हणतात, त्यात गुण जायची भीती. अशी एक मुलगी माझ्याकडे येते. पहिले दोन महिने मी तिला उजवा हात पियानोला लावूच दिला नाही. गीत तोंडानं म्हणायचं आणि डाव्या हातानं फक्त सा आणि प, कधी हलायचं ते स्वतः ठरवायचं. ती वैतागली. आई विचारायला आली, "बाई, फी दोन्ही हातांची घेता ना?"

राहिला पहिल्या पक्षाचा तो एक मुद्दा, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि नकोही आहे : कॉयर जेव्हा चार आवाजांत गातो, तेव्हा. तिथे डावा हात पुस्तकाचाच. अल्टोच्या बाईंनी तीन आठवडे घासून बसवलेला सूर माझ्या लहरीनं उखडायचा मला अधिकार नाही. पण हा प्रसंग वर्षात येतो किती वेळा? नाताळ, पुनरुत्थानाचा रविवार, एखादं लग्न. बाकीचे रविवार मंडळी एका सुरात गाते. आणि जेव्हा चार आवाज ठरलेले असतात, तेव्हाही मध्य रेल्वेचं मत विचारात घ्यावं लागतं. गेल्या नाताळाआधीच्या रविवारी ठाणे-कल्याण मेगाब्लॉक होता आणि आमचे दोन्ही टेनर मुंब्र्याला अडकले. ज्येष्ठ वादक पुढच्या बाकावर बसलेले होते. मी पुस्तक उघडं ठेवलं, बास छापील वाजवला, आणि टेनरची ओळ जिथे ऐकू यायला हवी होती तिथे डाव्या हाताच्या अंगठ्यानं ती शोधून काढली, जिथे पंजा पुरला तिथे. जिथे पुरला नाही तिथे दुसरा सूर घेतला. चौथ्या कडव्याला धापा टाकत एक टेनर दारातून आत आला, आणि मी अंगठा उचलला.